लिस्बनमध्ये कानात वाटाड्या घेऊन चालताना: आदल्या रात्रीपासून शेवटच्या पायरीपर्यंत

लिस्बनच्या जुन्या भागात सांतु आंतोनिओचं चर्च आणि ‘से’, म्हणजे तिथलं मुख्य कॅथेड्रल, अगदी शेजारी शेजारी आहेत. खालून चढत आलं की आधी सांतु आंतोनिओ लागतं. पहिल्या खेपेला मी त्याच्यासमोर उभी राहून फोनवरच्या ऑडिओ सैरीतली कॅथेड्रलची सगळी गोष्ट ऐकली. दोन बुरूज कुठे दिसतात ते शोधत राहिले, आणि ते वीस पावलं पुढे होते. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांना ही सैर आखून दिली. जवळजवळ प्रत्येकाचं कुठेतरी असंच बिनसलं. कुणाचं ॲप चौकात उभं राहून डाउनलोड होत होतं, कुणाचा फोन आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळात मान टाकून गेला, कुणी आई-वडिलांना भर दुपारी चढ चढायला लावला.

बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आदल्या रात्री करायचं काम आपण सकाळी चौकात करायला बसतो. म्हणून या लेखातला मोठा भाग घराबाहेर पडण्याआधीचा आहे. तो वाचायचा कंटाळा करू नका.

इथे दिलेला मार्ग साधारण साडेतीन ते चार किलोमीटरचा आहे. नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिओ चौकातून निघून बायशा, रोसिओ, कॅथेड्रल, सांता लुझिआ आणि आल्फामा करत पुन्हा त्याच चौकात यायचं. बेलें भागातला मठ आणि बुरूज यात नाहीत. वास्को द गामाची कबर असलेलं चर्च तिकडे आहे, ते बघायचंच असेल तर त्याला वेगळा दिवस द्या. दोन्ही एका दिवसात कोंबणं ही या शहरातली सगळ्यात सामान्य चूक आहे.

टप्पा १: सैर निवडताना आधी दिशा बघा

ऑडिओ सैरी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात फोन तुमची जागा ओळखतो आणि ठिकाणी पोहोचलात की निवेदन आपोआप सुरू होतं. व्हॉइसमॅपच्या सैरी अशा चालतात. दुसऱ्या प्रकारात क्रमांक दिलेले तुकडे असतात आणि ते आपण हाताने लावायचे. इझी ट्रॅव्हलवर अनेक सैरी फुकट मिळतात, त्यांतल्या बऱ्याच दोन्ही पद्धतींनी ऐकता येतात.

सपाट, रुंद रस्त्यांवर पहिला प्रकार छान चालतो. बायशा भाग तसाच आहे. आल्फामात मात्र तो दगा देतो, त्याचं कारण पुढे सांगते. त्यामुळे सैर कुठलीही घ्या, पण तीत प्रत्येक तुकडा हाताने लावायची सोय असलीच पाहिजे. ती नसेल तर ती सैर लिस्बनसाठी घेऊ नका, आवाज कितीही गोड असला तरी.

दुसरी गोष्ट, नकाशा उघडून सैर कुठून कुठे जाते ते बघा. काही सैरी आल्फामाच्या तळापासून सुरू होऊन वर चढतात. माझं मत स्पष्ट आहे: आल्फामा वरून खाली उतरत बघायचा. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे कान मोकळे राहतात. आणि वाट चुकली तरी उतार धरून चाललात की नदीच्या बाजूलाच निघता. सैर उलट दिशेची असेल तर तिचे आल्फामातले तुकडे उलट क्रमाने लावा. ‘आता उजवीकडे वळा’ ही वाक्यं तेवढी कामाची राहणार नाहीत, बाकी माहिती तीच असते.

तिसरी गोष्ट वेळेची. ऐकण्याचा एकूण वेळ ७० मिनिटं असेल तर सैर ७० मिनिटांची होत नाही. चालणं, थांबणं, कॉफी, फोटो, स्वच्छतागृह धरून ऐकण्याच्या वेळेची तिप्पट धरा. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर पूर्ण सकाळ मोकळी ठेवा.

टप्पा २: आदल्या रात्री, हॉटेलच्या वायफायवर

हाच क्रम ठेवा, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

१. सैर पूर्ण डाउनलोड करा. नुसती ‘सेव्ह’ किंवा ‘आवडती’ केली म्हणजे ती फोनवर उतरली असं नव्हे.

२. लिस्बनचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. गूगल मॅप्स चालेल. पायऱ्या आणि बोळांसाठी ऑरगॅनिक मॅप्स मला जास्त भरवशाचं वाटतं.

३. प्रत्येक थांबा नकाशावर स्वतःच्या हाताने खुणेने नोंदवा आणि त्याला क्रमांक द्या. दहा-बारा खुणांना पंधरा मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी कामाला येणारी सगळ्यात मोलाची पंधरा मिनिटं हीच.

४. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्या आणि त्याच्यापुरतं बॅटरी वाचवणारं नियंत्रण बंद करा. स्क्रीन बंद झाली की अनेक अँड्रॉइड फोन मागे चालणारं ॲप गुंडाळून टाकतात. ‘निवेदन मध्येच थांबलं, ॲप खराब आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

५. पहिले दोन-तीन तुकडे ऐका. सगळी सैर ऐकू नका, मग दुसऱ्या दिवशी डोळे काही शोधत नाहीत. फक्त निवेदकाच्या बोलण्याची सवय होऊ द्या. इंग्रजी भरभर वाटत असेल तर वेग थोडा कमी करून ठेवा.

६. फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा. आपला दोन पिनांचा चार्जर तिथे साधारणपणे बसतो, तीन पिनांचा बसत नाही. ॲडॉप्टर लागेल.

तपासा: फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि शेवटच्या थांब्याचा तुकडा लावून बघा. वाजला तर सैर खरंच फोनवर आहे. पहिला तुकडा वाजला म्हणून खूश होऊ नका, तो बऱ्याचदा आधीच साठवलेला असतो.

टप्पा ३: एका जागेची दोन नावं

हे कागदावर लिहून खिशात ठेवा. निवेदक एक नाव घेतो, पाटीवर दुसरं असतं, आणि माणूस चौकाच्या मधोमध उभा राहून चौक शोधतो.

प्रासा दु कोमेर्सिओलाच स्थानिक लोक तेर्रेइरु दु पासु म्हणतात. म्हणजे राजवाड्याचं अंगण. मेट्रोच्या निळ्या मार्गावरच्या स्थानकालाही हेच नाव आहे. रोसिओ चौकाचं अधिकृत नाव प्रासा दों पेद्रु चौथा. शिवाय रोसिओ नावाचं मेट्रो स्थानक वेगळं आणि सिंत्राच्या गाड्या सुटतात ते रेल्वे स्थानक वेगळं. ‘से’ म्हणजे कॅथेड्रल, हे तर पक्कंच करा. गोव्यातल्या वाचकांना जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमुळे हा शब्द ओळखीचा असेल.

पाट्यांवरचे शब्दही शिकून घ्या. त्यांच्यावरून पुढचा रस्ता कसा असेल ते कळतं. रुआ म्हणजे रस्ता. लार्गु म्हणजे छोटा चौक. ट्राव्हेसा म्हणजे दोन रस्ते जोडणारी आडवी गल्ली. काल्साडा असेल तर चढ किंवा उतार असणार हे धरून चाला. एश्काडिन्याश म्हणजे पायऱ्या. मिरादोउरु म्हणजे जिथून शहर दिसतं ती उंच गच्चीवजा जागा. आणि बेकु म्हणजे बोळ, जो पुढे बंदही असू शकतो.

मराठी माणसाला इथे एक सोय आपसूक मिळते. पोर्तुगीजांनी आपल्याला जे शब्द दिले ते इथल्या पाट्यांवर आणि मेनूकार्डांवर पुन्हा भेटतात. बटाटा, कोबी, अननस, पाव, चावी, बादली, नाताळ. उच्चार जरा बदललेला असतो. भाजीच्या दुकानासमोर आईला हे शब्द ओळखायला सांगा, ती थकवा विसरते हे मी पाहिलं आहे.

टप्पा ४: घरच्यांसाठी मराठीतून एकेक मिनिट

बरोबर इंग्रजी निवेदन नीट न समजणारं कुणी असेल तर हा टप्पा वगळू नका. एक हेडफोन अर्धा-अर्धा वाटून घेणं, किंवा आपण ऐकत ऐकत भाषांतर करणं, दोन्ही फसतं. तोवर निवेदक पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

त्यापेक्षा आदल्या रात्री प्रत्येक थांब्याचा मजकूर वाचा किंवा ऐका आणि स्वतःच्या आवाजात मराठीत एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज करा. सुरुवातीला क्रमांक आणि ओळखीची खूण सांगा: ‘तीन नंबर. समोर काळवंडलेल्या भिंतींचं चर्च दिसतंय का? मग ऐका.’ हे सगळे मेसेज कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात क्रमाने टाका आणि प्रत्येकाच्या फोनवर एकदा वाजवून घ्या. नाहीतर ते उतरलेलेच नसतात. मग प्रत्येकाने आपापल्या फोनवर, आपापल्या वेगाने ऐकायचं.

माझ्या वडिलांनी ते मेसेज परत आल्यावर काकांना ऐकवले. मी विकत घेतलेली सैर त्यांच्या लक्षातही नव्हती.

टप्पा ५: वार, वेळ आणि पायातलं

सकाळी साडेआठपर्यंत पहिल्या चौकात पोहोचा. प्रवासी जहाजांचा धक्का आल्फामाच्या अगदी पायथ्याशी आहे. जहाज लागलेलं असेल तर सकाळ सरता सरता गल्ल्या मोठमोठ्या गटांनी भरतात आणि कानातलं ऐकू येईनासं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन चढावर सोसवत नाही. डिसेंबरात सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी उशिरा निघालात तर आल्फामाचे बोळ अंधारात गाठाल.

सोमवारी तिथली बरीच संग्रहालयं बंद असतात, फादू या पारंपरिक पोर्तुगीज गाण्यांचं संग्रहालयही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, आत फिरता येत नाही. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. आणि १२-१३ जूनला, सांतु आंतोनिओच्या सणाला, ही सैर करूच नका. त्या रात्री आल्फामात शेगड्यांवर सार्डिन भाजतात, गाणी लागतात, पाय ठेवायला जागा नसते. तो सण हेडफोन काढून बघायचा.

पदपथांवर चुनखडीच्या छोट्या दगडांची फरसबंदी आहे. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ती गुळगुळीत झाली आहे आणि पावसात साबणासारखी निसरडी होते. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. नवे बूट नकोत, चामडी तळव्याचे तर अजिबात नकोत.

सावधान: पोर्तुगालमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, तिथे गाडी डावीकडून येते. कानात आवाज असताना हे दुप्पट धोक्याचं. रस्ता ओलांडायचा असेल तर निवेदन थांबवा, हा नियम एकदाही मोडू नका.

टप्पा ६: चौकातली पहिली पंधरा मिनिटं

प्रासा दु कोमेर्सिओत पोहोचल्यावर लगेच ‘सुरू करा’ दाबू नका. आधी नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर रुआ ऑगुस्ताची मोठी कमान, मधोमध घोड्यावर बसलेला राजा जुझे पहिला, मागे तेजू नदी. आता फोनवरचा नकाशा बघा आणि कमान नकाशावर कुठे आहे ते बोट ठेवून सांगा. एवढं जमलं की दिवसभर दिशा चुकत नाही.

एकाच कानात इअरफोन घाला. दुसरा कान ट्रामसाठी आणि बरोबरच्या माणसांसाठी मोकळा ठेवा. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे हेडफोन या शहरात वापरू नका. फोन हातात धरून चालायचं नाही. पट्टा लावून गळ्यात, किंवा आतल्या खिशात.

मग पहिला तुकडा लावा. त्यात १७५५चा भूकंप येणारच. १ नोव्हेंबरला, ऑल सेंट्स डेच्या सकाळी, आधी धक्के, मग समुद्राची लाट, मग दिवसचे दिवस आग. या जागेवरचा राजवाडा आणि त्याला लागून असलेली कासा द इंदिया, म्हणजे भारताशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी, दोन्ही गेली. गोव्याहून निघालेल्या मालाचा हिशेब इथे लागत असे. आज तिथे काही दिसत नाही, म्हणून हा तुकडा उभं राहून, नदीकडे बघत ऐका. चालत ऐकलात तर हातात काही लागणार नाही.

तपासा: तुकडा संपल्यावर आवाज आपोआप थांबला का? तुम्ही जागचे न हलताच पुढचा तुकडा स्वतःहून सुरू होत असेल तर ते सेटिंग आत्ताच बंद करा.

टप्पा ७: सपाट भागात घाई करू नका, रेंगाळूही नका

कमानीखालून रुआ ऑगुस्ताला लागा. रोसिओपर्यंत सातशे मीटरच्या आसपास अंतर आहे आणि रस्ता वाहनांना बंद आहे. जागा ओळखून बोलणारं ॲप इथे चोख चालतं, ते चालू द्या.

आडव्या-उभ्या सरळ रस्त्यांची ही आखणी भूकंपानंतरची, मार्क्विस ऑफ पोंबाल या तेव्हाच्या बलाढ्य मंत्र्याच्या कारकिर्दीतली. रस्त्यांना धंद्यांची नावं आहेत: चांदीचा रस्ता, सोन्याचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्याकडची तांबट आळी, कासार आळी आठवली की ही नावं लगेच डोक्यात बसतात, आणि पुढच्या टप्प्यात कापडवाल्यांचा रस्ता लागणारच आहे.

डावीकडे सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट दिसेल. १९०२ सालची, ४५ मीटर उंच. रांग बघा. मोठी असेल तर खालून बघून पुढे व्हा. या रांगेत तास घालवून पुढची सैर दुपारी सरकवणारे खूप जण पाहिले.

रोसिओच्या काळ्या-पांढऱ्या लाटांच्या फरसबंदीवर एक थांबा. उत्तरेला जे नाट्यगृह आहे त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला इथे वेगळं काही सांगावं लागत नाही. तिथून जवळच साओ दोमिंगुश चर्च. १९५९च्या आगीत ते आतून जळलं, आणि दुरुस्त करताना होरपळलेले खांब तसेच ठेवले. बाहेरच्या चौकात १५०६ साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. आत जाताना इअरफोन काढा, तुकडा बाहेर ऐकून घ्या. मला या सबंध मार्गावर सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते या चर्चमध्ये.

टप्पा ८: चढ पायांनी नको, लिफ्टने

प्रासा दा फिगेइरावरून रुआ दुश फांकेइरुशला, म्हणजे कापडवाल्यांच्या रस्त्याला या. त्या रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती वर रुआ दा मादालेनाच्या बाजूला सोडते. तिकीट नाही. बाहेरून साध्या घराच्या दारासारखी दिसते, त्यामुळे लोक समोरून निघून जातात. दारावर लिफ्टची आणि टेकडीवरच्या किल्ल्याची पाटी शोधा.

किल्ल्यावर जायचं असेल तर थोडं पुढे लार्गु शाओं दु लोउरेइरु इथे सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे, ती आणखी वर किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यावर नेते. किल्ला केला तर सैरीला दीड-दोन तास वाढतात. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. माझा सल्ला: आई-वडील बरोबर असतील तर किल्ला सोडा. जे दृश्य तिथून दिसतं त्यातलं पुष्कळसं सांता लुझिआवरून फुकट दिसतं.

आणि ‘२८ नंबरच्या ट्रामने वर जाऊ की’ असं कुणी म्हणालं तर थांबवा. ती ट्राम खचाखच भरते आणि खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. कानात इअरफोन, हातात फोन, चढण्याची झुंबड: याहून सोपं सावज नाही.

टप्पा ९: दोन चर्च, एक नियम

लिफ्टमधून बाहेर पडून कॅथेड्रलकडे पाच-सात मिनिटं. आता सुरुवातीला सांगितलेली चूक टाळायची आहे.

आधी येतं ते लहान चर्च सांतु आंतोनिओचं. ज्या संताला जग पादुआचा म्हणून ओळखतं, तो या जागी जन्मला असं मानतात. गोव्यातला सांत आंतोन तो हाच. त्याच्या मागे, किंचित वर, दोन चौकोनी बुरुजांची किल्ल्यासारखी भिंत दिसते ते ‘से’. १९४७ नव्हे, ११४७ सालापासूनचं. निवेदनात हे साल ऐकताना अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नियम असा: आधी डोळ्यांनी ओळख पटवा, मग बटण दाबा. बुरूज मोजा, दोन दिसले तरच कॅथेड्रलचा तुकडा लावा. दोन्ही इमारती इतक्या जवळ आहेत की ॲपला त्यांतला फरक कळेलच असं नाही.

सावधान: दोन बुरूज आणि पिवळी ट्राम एका फोटोत यावी म्हणून लोक रुळांवर उभे राहतात. ट्राम वळणावरून येते. फोटो पदपथावरून काढा.

आत जायला तिकीट आहे. थकला नसाल तर जा. बाहेरचा तुकडा ऐकून पुढे गेलात तरी सैर अपुरी राहत नाही.

टप्पा १०: सांता लुझिआ, बसून ऐकायची जागा

ट्रामचे रूळ धरून चढत जा, फार तर सात-आठ मिनिटं. रस्ता अरुंद आहे, म्हणून इथे काहीही ऐकू नका. एका रांगेत चाला.

सांता लुझिआच्या गच्चीवर बाक आहेत. इथे दोन तुकडे सलग ऐकले तरी चालतील. फक्त नदीकडे बघून परत फिरू नका. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांची दोन चित्रं आहेत. एकात ११४७चा किल्ल्यावरचा हल्ला. दुसऱ्यात तुम्ही सकाळी जिथून निघालात तो चौक, भूकंपाआधी दिसत होता तसा. सकाळी न दिसलेला राजवाडा इथे दिसतो. पहिल्या थांब्याचा तुकडा या चित्रासमोर पुन्हा एकदा लावा. कुठल्याही सैरीत ही सूचना मला मिळाली नाही, पण ती केल्याशिवाय मी आता पुढे जात नाही.

दोन मिनिटांवर पोर्ताश दु सोल. हातात जहाज आणि त्यावर दोन कावळे घेतलेला पुतळा संत व्हिन्सेंटचा, शहराचा रक्षक संत. पाणी प्या, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. कॉफी घ्या, इथे तिला बिका म्हणतात. स्वच्छतागृह इथेच उरका, खाली बोळात सोय शोधत फिरावं लागतं. जेवायला बसलात तर न मागता येणारा पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत न्यायला सांगा.

तपासा: फोनची बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पॉवर बँक आत्ता लावा.

टप्पा ११: आल्फामा, ॲपच्या भरवशावर नाही

आता ॲपचं आपोआप सुरू होणं बंद करा. कारण असं: उंच भिंतींच्या बोळात उपग्रहाचा संकेत सरळ पोहोचत नाही, भिंतींवरून आपटून येतो, आणि नकाशावरचा ठिपका दहा-वीस मीटर सहज सरकतो. मोठ्या रस्त्यावर एवढ्याने काही बिघडत नाही. इथे दहा मीटरवर दुसरा बोळ असतो, तोही एक मजला खाली. तुम्ही वरच्या पायरीवर आहात की खालच्या, हे ठिपक्याला कळत नाही. मग ॲप चुकीच्या जागी बोलू लागतं किंवा मुकं होतं, आणि माणूस ठिपक्यामागे पायऱ्या चढत-उतरत राहतो.

म्हणून इथे क्रम उलटा करा:

१. वर असतानाच पुढच्या थांब्याचा तुकडा पूर्ण ऐकून घ्या.

२. पोर्ताश दु सोलच्या बाजूच्या पायऱ्या उतरायला लागा. कठड्याला हात, इअरफोन खिशात.

३. पहिलं लक्ष्य फक्त साओ मिगेल चर्च. तिथला छोटा चौक मोकळा आहे, पुढचा तुकडा तिथे ऐका.

४. दुसरं लक्ष्य लार्गु दु शाफारिश द देंत्रु. फादू संग्रहालय याच चौकात आहे. मधले बोळ कुठलेही घ्या. बंद बोळात शिरलात तर मागे फिरा आणि पुन्हा उतार धरा.

या दोन चौकांच्या मध्ये काहीही ऐकायचं नाही. हे लिहिताना मला जरा जास्त आग्रही व्हावंसं वाटतं, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त गमावतात. भूकंपात आल्फामातले पुष्कळ बोळ आपल्या जुन्या वळणांसह तगले. दोरीवरचे कपडे, भाजणाऱ्या मासळीचा वास, खिडकीतून खिडकीशी चाललेलं बोलणं, हे निवेदकाच्या आवाजाखाली दाबून टाकायला इतक्या लांब यायचं कशाला? माहिती वर ऐकून झालेली आहे. आता कान मोकळे सोडा.

सावधान: ही लोकांची राहती घरं आहेत. फोनचा स्पीकर चालू करून कुटुंबाला ऐकवत चालू नका. भिंती इतक्या जवळ आहेत की ते थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ऐकू जातं. उघड्या दारातून आतले फोटो काढू नका.

मधेच बिघडलं तर

माणसं हरवली तर एकमेकांना शोधत फिरू नका. आधीच ठरवून ठेवा: चुकामूक झाली की जो तो उतरत शाफारिश द देंत्रु चौकात येईल. फोन बंद पडला तर खिशातल्या कागदावर थांब्यांची नावं आहेतच. कुणी घसरून पडलं किंवा खिसा कापला गेला तर आपत्कालीन क्रमांक ११२. पासपोर्ट मात्र हॉटेलच्या तिजोरीत असावा, बरोबर त्याची प्रत. तासभर मागे पडलात तर तुकडे भरभर ऐकून वेळ भरून काढू नका. किल्ला किंवा कॅथेड्रलचा आतला भाग वगळा.

टप्पा १२: परतीची वाट

चौकातून नदी डाव्या हाताला ठेवून चाला. वाटेत राजाचं जुनं सार्वजनिक कारंजं लागतं, शाफारिश दे’ल-रेय. ते उभ्या उभ्या बघा आणि पुढे व्हा.

शेवटचा नीट ऐकायचा थांबा म्हणजे काझा दुश बिकुश. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड आहेत, त्यामुळे ओळखायला सोपं. पण रस्ता वाहता आहे, तेव्हा समोरच्या झाडांच्या बाजूला उभे राहून ऐका. हे घर १५२३मध्ये ब्राश द आल्बुकेर्कने बांधायला घेतलं. १५१०मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कचा हा मुलगा. वरचे दोन मजले भूकंपात पडले, ते १९८०च्या दशकात पुन्हा उभारले. अनेक सैरींमध्ये या घराला अर्ध्या मिनिटात उरकतात, काहींत ते नसतंच. आपल्यासाठी ते एवढ्यात उरकण्यासारखं नाही. म्हणून टप्पा ४मधला मराठी मेसेज करताना या थांब्याला दोन मिनिटं द्या, आणि हापूस हे नावही आफोन्सुवरूनच आलं हे त्यात सांगा.

तिथून प्रासा दु कोमेर्सिओ पाच-सहा मिनिटांवर. चौकाच्या नदीकडच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना एकेक खांब. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, वरच्याच पायरीवर बसा. राहून गेलेला एखादा तुकडा असेल तर तो इथे ऐका, आणि नसेल तर इअरफोन डबीत ठेवून फोन बंद करा.